जांघेतली गाठ आणि सहा वर्षांपूर्वीचं तेल

फायलीवर सगळ्यात वर टीबीच्या औषधांची, म्हणजे एकेटीची, चिठ्ठी टाचलेली होती. तिच्याखाली एफएनएसीचा, म्हणजे सुईने घेतलेल्या नमुन्याचा, रिपोर्ट, मग सोनोग्राफी, मग वेगवेगळ्या दवाखान्यांचे कागद, आणि तळाशी जहाजाच्या औषधपेटीतून दिलेल्या गोळ्यांची नोंद. आमच्या ज्युनिअरने केसपेपरवर लिहिलं होतं : पुरुष, वय ३४, विवाहित, लिंगाला दोन-अडीच वर्षं सूज, जखम भरत नाही, दोन्ही जांघांत अवधाण (सुजलेल्या गाठी), एकेटी चालू, तिसरा महिना, फरक नाही.

'फरक नाही' खाली त्याने रेघ मारली होती. मला ती रेघ आवडली. एकेटी चालू असलेल्या पेशंटची फाईल हातात आली की पुढचा डॉक्टर सहसा मागची पानं उलटत नाही. निदान झालेलं असतं, गोळ्या चालू असतात, कोर्स पुरा करा म्हणायचं.

(पेशंटची परवानगी आहे. ओळख लागेल असे तपशील बदलले आहेत, आजाराचा क्रम तसाच ठेवला आहे.)

माणूस कोकणातला, मर्चंट नेव्हीत एबी, म्हणजे डेकवरचा खलाशी. सोबत बायको. तिला बाहेर बसायला सांगितलं आणि तपासलं. लिंगाच्या मुळापासून बोंडाच्या कडेपर्यंत कातडी आणि तिच्याखालचा थर मिळून एकच कडक नळकांडं झालं होतं. हाताला नारळाचं सोडण लागावं तसं. कातडी चिमटीत येत नव्हती. पुढची कातडी मागे सरत नव्हती. कडकपणा वर ओटीपोटाच्या खालच्या भागात आणि वृषणकोशाच्या वरच्या तिसऱ्या हिश्शात पसरला होता. बोंड मात्र साफ, दोन्ही वृषणं ठीक, लघवीची धार ठीक. खालच्या अंगाला रुपयाच्या नाण्याएवढा व्रण. त्यावर त्याने घडी घातलेला टिश्यू पेपर ठेवला होता. तो मी उजेडात धरला. डागाची कड पारदर्शक झाली होती, वड्याच्या कागदाला होते तशी.

पू असा डाग पाडत नाही.

टीबी लिंगालाही होतो, क्वचित. पण तो असा चहूबाजूंनी वेढा घालून, बोंड सोडून, नेमका कातडीखालच्या थरात बसत नाही. मी ज्युनिअरलाही बाहेर पाठवलं आणि विचारलं, "इथे कधी काही टोचून घेतलं होतं? तेल, पेट्रोलियम जेली, सिलिकॉन? जहाजांवर बरेच जण घेतात."

तो दरवाजाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "घेतलं होतं सर. पण त्याला सहा वर्षं झाली."

हा प्रश्न कसा विचारायचा याला महत्त्व आहे. याआधीच्या डॉक्टरांनी विचारलंच नव्हतं असं नाही. एकाने विचारलं होतं, "काही भानगड वगैरे?" त्यावर त्याने खरंच उत्तर दिलं होतं : "नाही." भानगड म्हणजे बाई, आणि तशी ती नव्हतीच. दुसऱ्याने विचारलं, "काही लावलं होतं का?" लावलं नव्हतंच, टोचलं होतं. पदार्थाचं नाव घेऊन, दुसरेही करतात हे सांगून विचारलं तर 'हो' म्हणायला माणसाला जागा मिळते.

मग त्याने सगळं सांगितलं. तेव्हा तो आग्नेय आशियातल्या बंदरांवर फिरणाऱ्या मालवाहू जहाजावर होता. क्रू मिश्र. साइन ऑफ झाल्यावर, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपवून जहाजावरून उतरल्यावर, गावी लग्न ठरलेलं. क्रूपैकी दोघांनी आधीच हा प्रकार करून घेतला होता आणि त्याचं प्रदर्शनही मांडायचे. त्या टापूत यात नवल नाही. थायलंड, म्यानमार, कोरिया, रशिया, पूर्व युरोप, आणि तिकडचे तुरुंग, बराकी, जहाजं, सगळीकडून असे रुग्ण नोंदले गेले आहेत. फिलिपिनो खलाशांत कातडीखाली छोटे गोळे बसवून घेतात, त्याला बोलितास म्हणतात. ती वेगळी रीत, पण त्याच केबिनमधली. आपल्याकडे लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिराती असतात, फूटपाथवर सांड्याचं तेल विकणारे असतात. अशा जाहिरातींना मनाई करणारा कायदा १९५४ पासून आहे. पण ते तेल निदान वरून चोळतात.

"जबरदस्ती कुणी केली नाही सर. मीच म्हटलं, माझा नंबर लाव."

काय टोचलं, तर 'पांढरी जेली, पातळ केलेली'. किती, तर एका सिरिंजपेक्षा जास्त. सुई त्याच्यासाठी नवी उघडली होती का, हे त्याने पाहिलं नव्हतं. त्या दिवशी केबिनमध्ये तिघं होते.

पहिलं दीड वर्ष काहीच झालं नाही, उलट तो खूश होता. हे मुद्दाम लिहितो, कारण लगेच दुखतं अशी भीती घातली तर कुणी विश्वास ठेवत नाही. ज्यांना दीड वर्ष काही झालेलं नसतं तेच पुढच्याला सांगतात, आणि ते खोटं बोलत नसतात. मग गाठी लागायला लागल्या, आधी सुट्या, मग जोडलेल्या. ताठरपणा आला की ओढ बसायची, पुढे दुखायला लागलं, मग कातडी अडकली. जखम झाली ती शेवटी, तीही जहाजावरच. मालवाहू जहाजावर डॉक्टर नसतो, औषधपेटी बहुधा सेकंड ऑफिसरकडे असते. त्याला 'लघवीला जळजळ' सांगून त्याने गोळ्या मिळवल्या. खरं का नाही सांगितलं? "मेडिकलला अनफिट मारलं असतं." प्रत्येक कॉन्ट्रॅक्टआधी मेडिकल असतं आणि अनफिट म्हणजे पगार बंद. आपण पेशंटच्या गप्प राहण्याला लाज म्हणून मोकळे होतो. इथे लाजेइतकाच घराचा हप्ता होता.

घरी आल्यावर दवाखाने सुरू झाले. अँटिबायोटिक, मलम, पुन्हा अँटिबायोटिक. एका ठिकाणी सुंता सुचवली होती. ती झाली असती तर जखम भरली नसती, कारण टाके पडणार होते ते तेल भरलेल्या कातडीतच. मग जांघेतल्या गाठीची सुई-तपासणी झाली, म्हणजे एफएनएसी. रिपोर्ट : ग्रॅन्युलोमॅटस दाह. हा शब्द आपल्या देशात कागदावर आला की पुढची चिठ्ठी जवळपास छापील असते. सीबीनॅट, म्हणजे टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी, केलेली नव्हती, केसिएशनचा, म्हणजे टीबीत गाठ आतून चीजसारखी भुसभुशीत होते त्याचा, उल्लेख नव्हता, पण एकेटी सुरू झाली. त्या डॉक्टरांना मी नावं ठेवणार नाही. टीबीच्या देशात ग्रॅन्युलोमाला टीबी म्हणणारा डॉक्टर शंभरातल्या बहुतेक वेळा बरोबरच ठरतो.

ग्रॅन्युलोमा म्हणजे शरीराने घातलेला घेराव. जे मारता येत नाही आणि पचवताही येत नाही, त्याला भक्षकपेशी कोंडाळं करून बसतात, एकमेकींत मिसळून मोठ्या होतात आणि बाहेरून तंतूंची भिंत बांधतात. आत टीबीचा जंतू असला तरी तेच, तेलाचा थेंब असला तरी तेच. खनिज तेल, पॅराफिन, पेट्रोलियम जेली फोडणारं एन्झाइम माणसाच्या शरीरात नाही. त्यामुळे घेराव उठत नाही आणि वर्षागणिक भिंत जाड होत जाते. काही तेल लसिकावाहिन्यांतून जांघेत पोचतं, म्हणून अवधाण.

पेशंट हुशार होता. त्याने विचारलं, "पण सर, हार्मोनची इंजेक्शनं तेलातच असतात ना?" असतात. टेस्टोस्टेरॉनची काही इंजेक्शनं तिळाच्या किंवा एरंडाच्या तेलात असतात. ते वनस्पतीचं तेल, शुद्ध केलेलं, मोजकं, आणि खोल स्नायूत दिलेलं. तिथून ते हळूहळू शोषलं जातं. याच्या कातडीखाली होतं ते जमिनीतून निघालेलं तेल. हीच वनस्पती तेलं कातडीखाली भरपूर ओतली तर तीही अशाच गाठी करतात, हेही सांगितलं, नाहीतर तो खोबरेल निर्धोक आहे असा निरोप पुढे पोचवायचा.

या आजाराच्या जन्मकथेतही टीबी आहे. व्हिएन्नाचे सर्जन रॉबर्ट गेर्सुनी यांच्याकडे एक तरुण होता, ज्याची वृषणं टीबीमुळे काढून टाकावी लागली होती. गेर्सुनींनी १८९९ साली त्याच्या रिकाम्या वृषणकोशात व्हॅसलीन टोचलं, आकार यावा म्हणून. निकाल छान दिसला. मग हे सगळीकडे पसरलं : नाक, गाल, स्तन, सुरकुत्या. ग्लॅडिस डीकन ही तिच्या रूपासाठी गाजलेली अमेरिकन बाई, पुढे मार्लबरोची डचेस झाली. तिने नाकात मेण भरून घेतलं आणि ते पुढे हनुवटीकडे उतरलं. १९०६ पर्यंत 'पॅराफिनोमा', म्हणजे अशा टोचलेल्या मेणा-तेलाची गाठ, वैद्यकीय नियतकालिकांत आला होता, आणि पुढे सर्जनांनी हा नाद सोडला. नाद दवाखान्यातून गेला, तो बराकीत आणि केबिनमध्ये जाऊन बसला. व्हिएन्नातल्या तरुणाला टीबी होता म्हणून तेल मिळालं. माझ्या पेशंटला तेल होतं म्हणून टीबीची औषधं मिळाली.

गप्प राहण्याने डॉक्टरांनाही कसं फसवलं, याची नोंद आहे. १९५० साली स्मेटाना आणि बर्नहार्ड यांनी या गाठींना 'स्क्लेरोझिंग लिपोग्रॅन्युलोमा' नाव दिलं आणि कारण सुचवलं, ते म्हणजे मार लागून शरीराची स्वतःचीच चरबी फुटते. पेशंट 'काही टोचलं नाही' म्हणत होते, म्हणून हे पटण्यासारखं होतं. १९७७ मध्ये ओर्टेल आणि जॉन्सन यांनी अशा २३ रुग्णांचा आढावा घेतला. इन्फ्रारेड तपासणीत ऊतींत पॅराफिन सापडलं. चरबी बाहेरचीच होती. (आपोआप होणारा एक प्रकार जपानमधून नोंदला गेला आहे. तो असतो, पण तसं म्हणण्याआधी पेशंटला पुन्हा एकदा, दार लावून, विचारावं.)

आम्ही एफएनएसीच्या जुन्या काचा मागवल्या आणि व्रणाच्या कडेचा छोटा तुकडा काढून पाठवला. त्याला दुसरंही कारण होतं. वर्षानुवर्षं न भरणाऱ्या अशा जखमांत कातडीचा कॅन्सर आढळल्याची उदाहरणं आहेत, ते आधी खोडायला हवं होतं. पॅथॉलॉजिस्ट बाईंचा संध्याकाळी फोन आला. "तेल सांगितलं असतंत तर मी आधीच्या काचेवरही बोलले असते," त्या म्हणाल्या. "भोकं आहेत तिच्यात." मी जाऊन पाहिलं. पुस्तकात याला स्विस चीज म्हणतात. मला घावनाची जाळी आठवली : लहानमोठी गोल भोकं, मध्ये गुलाबी तंतूंच्या भिंती, भिंतींना चिकटलेल्या अनेक केंद्रकांच्या महापेशी. भोकं रिकामी, कारण तुकडा मेणात बसवण्याआधी झायलीन या द्रावकातून जातो आणि त्यात तेल विरघळून जातं. म्हणजे काचेवर गुन्हेगार नसतोच, तो बसला होता ती जागा असते. कॅन्सर नव्हता. सीबीनॅट निगेटिव्ह. ज्या फिजिशियननी एकेटी सुरू केली होती त्यांच्याशी बोललो, त्यांनी रिपोर्ट पाहून ती थांबवली.

एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, सगळं निगेटिव्ह. सुईचा इतिहास ऐकल्यावर हे नशीबच. साखर नॉर्मल. मधुमेह असता तर या जखमेतून मांडीपर्यंत सडत जाणाऱ्या फूर्निए गँगरीनची भीती जास्त होती. कॅल्शियम ९.८, नॉर्मल. कॅल्शियम कशाला, असं ज्युनिअरने विचारलं. ग्रॅन्युलोमातल्या भक्षकपेशी स्वतःच ड जीवनसत्त्वाचं कार्यक्षम रूप तयार करतात. ढीग मोठा असेल तर रक्तातलं कॅल्शियम चढतं, मूतखडे होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. दंडात तेल भरून घेणाऱ्या बॉडीबिल्डरांत हे चांगलंच नोंदलं गेलं आहे. एमआरआयमध्ये दिसलं की तेल कातडी आणि बक्स फॅशिया (लिंगाच्या आतल्या भागांभोवतीचं घट्ट आवरण) यांच्यामध्येच आहे, आतले ताठर होणारे भाग सुटले आहेत.

मग तो प्रसंग आला, ज्याची मी वाट बघत होतो. ऑपरेशन समजावून झाल्यावर तो हळूच म्हणाला, "सगळं काढायलाच पाहिजे का सर? थोडं ठेवलं तर?"

जखम वाहतेय, संबंध बंद आहेत, नोकरी अडकलीय, आणि तरी. मला राग आला नाही, पण उत्तर द्यायला वेळ लागला. आधी वाटलं आकडे सांगावेत. २०१५ मध्ये लंडनच्या एका गटाने १५,५२१ पुरुषांची मोजमापं एकत्र केली होती. सरासरी ताठर लांबी १३.१२ सेंटिमीटर, ढिल्या स्थितीत ९.१६. हा माणूस आधीपासूनच त्या सरासरीच्या आसपासचा. त्याने आकडे ऐकून घेतले, पटलं असं मात्र दिसलं नाही. मग मी विचारलं, घरी पुऱ्या करतात ना? कणकेत मोहन घालून मळली की ते परत काढता येतं का? सांडलेलं तेल पुसता येतं, मळलेलं नाही. सुईने ओढून, पिळून, लायपोसक्शनने हे निघत नाही, कारण तेल एका पिशवीत नाही, हजार थेंबांत वाटलं गेलंय आणि प्रत्येक थेंबाला भिंत आहे. स्टेरॉइडने सूज थोडी उतरते, तेल जागेवरच. ठेवलेल्या तुकड्यातून दोन वर्षांनी पुन्हा हेच. तो म्हणाला, "कळलं."

बायकोला सांगणं त्याच्यावर सोपवलं होतं. ते जमेना, म्हणून एके दिवशी दोघं माझ्यासमोर बसली आणि त्याने माझ्याकडे बघत तिला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग, "एवढंच होतं?" तिच्या मनात अडीच वर्षं परक्या बंदरातली कुणी बाई होती, आणि तिच्याकडून आलेला रोग. मोकळी झाल्यावर ती चिडली. "कशाला पण? मी कधी काही म्हटलं होतं?" त्याने मान हलवली. लग्नाआधीच करून बसला होता तो.

ऑपरेशनला सव्वातीन तास लागले. बोंडाखालून गोल छेद घेऊन कातडी आणि तेलाचा थर मोज्यासारखा मुळाकडे सोलत न्यायचा असतो. सगळं कसब एका पातळीवर राहण्यात आहे, बक्स फॅशियाच्या वर. संवेदनेच्या नसा आणि रक्तवाहिन्या त्याच्या खाली असतात. तिथे सुरी उतरली तर जखम भरेल, पण माणसाला काही जाणवणार नाही. मुळाशी तेल इतकं घट्ट चिकटलं होतं की पाऊण तास तिथेच गेला. ओटीपोटावरचा आणि वृषणकोशाचा कडक भागही काढला. ट्रेमधला तुकडा कापला तेव्हा कापलेल्या बाजूवर पिवळट, चकचकीत ठिपके उमटले, आणि ते पुसल्यावर पुन्हा उमटले. सिस्टर म्हणाल्या, "अजून तेल आहे यात." सहा वर्षांनंतरही.

झाकायला काय वापरायचं यावर आदल्या दिवशी वाद झाला होता. वृषणकोशाची कातडी जवळची आणि ताणली जाणारी. तिचे दोन पट्टे वर ओढून झाकता येतं, किंवा सेसिलच्या पद्धतीने लिंग काही महिने वृषणकोशात पुरून ठेवून दुसऱ्या ऑपरेशनात सोडवता येतं. पण त्या कातडीला केस असतात, आणि याच्या वृषणकोशाचा वरचा भाग तेलाने आधीच खाल्ला होता. शेवटी मांडीची पातळ कातडी, जाळी न पाडता, लिंग ताणून धरून त्या मापाने बसवली. ढिल्या मापाने लावली तर पुढे आखडते आणि माणूस पुन्हा आमच्याच दारात येतो.

पाच दिवस पडून राहणं. त्याला त्रास जखमेपेक्षा पहाटेच्या आपोआप येणाऱ्या ताठरपणाने दिला. आधी सांगून ठेवलं होतं, तरी दोन रात्री ड्यूटीवरच्या ज्युनिअरला उठवलं. पाचव्या दिवशी पट्टी उघडली. ग्राफ्ट बहुतेक सगळं धरलं होतं, मुळाशी खालच्या बाजूला एक तुकडा काळपट. तो तीन आठवड्यांच्या ड्रेसिंगने भरला. जांघेतल्या गाठी काढल्या नाहीत, सहा महिन्यांत त्या निम्म्या झाल्या. संबंध तीन महिन्यांनी सुरू झाले. कातडीवरची जाणीव थोडी बोथट आहे, बोंडाची शाबूत आहे. आकार, त्याच्या शब्दांत, "पहिल्यासारखा". हे त्याने तक्रार म्हणून सांगितलं की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मेडिकलच्या फॉर्मवर 'पूर्वीची शस्त्रक्रिया' या रकान्यासमोर काय लिहायचं, असं त्याने वर्षभराने विचारलं. खरं ते लिहा म्हटलं, आणि ऑपरेशनचा सारांश आणि तंदुरुस्तीचं पत्र दिलं. तो फिट झाला.

जाताना त्याने केबिनमधल्या बाकी दोघांबद्दल सांगितलं. एकाचा पत्ता लागत नाही. दुसरा आपल्याकडचाच. त्याने तिथेच माझ्या टेबलासमोरून त्याला फोन लावून दिला. पलीकडचा मोकळेपणाने बोलला. त्याला काही त्रास नाही, फक्त जरा कडक लागतं, आणि हो, मागच्या वर्षी मूतखडा झाला होता, तो पडून गेला. त्याला कॅल्शियम आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाची तपासणी, करायला सांगितलंय. रिपोर्टची वाट बघतोय.